आजीचा रुपया आणि तुझा फोन

ता. दर्यापूर, जि. अमरावती

चि. मुन्ना यास अनेक आशीर्वाद.

माझ्या आजीचा तो जुना चांदीचा रुपया माझ्यापाशीच आहे. विकला नाही, गहाण ठेवला नाही. हे आधी लिहितो, म्हणजे बाकीचं पत्र तू निवांत वाचशील. परवा फोनवर तुझा आवाज चढला, माझाही चढला, आणि तू ठेवून दिलास. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी मोजकंच बोलते. ताट वाढते, पण "घ्या अजून" म्हणत नाही. पुन्हा फोन केला तर पुन्हा तेच होईल, म्हणून कागद घेऊन बसलो. लिहिताना समोरचा मधेच तोडत नाही, एवढा फायदा.

तू विचारलंस, "बाबा, त्या रुपयाचे किती येतील? लवकर सांगा." किती येतील ते सगळं सांगतो, त्यासाठी अमरावतीपर्यंत जाऊन आलो. लवकर कशाला पाहिजे ते मात्र तू बोलला नाहीस. मी विचारणार नाही. तू आता मोठा आहेस, कमावता आहेस.

आधी दर्यापूरला आपल्या नेहमीच्या सोनाराकडं गेलो. त्यानं चष्मा कपाळावर सरकवून रुपया काट्यावर टाकला. ११ ग्रॅम ४०० मिलिग्रॅम भरला. मी म्हटलं, हा ११.६६ असायला पाहिजे. तो हसला, "काका, वाचून आले का?" वाचून कुठलं रे. कलदार, म्हणजे इंग्रजांच्या टांकसाळीत यंत्रावर पाडलेला रुपया, बरोबर एक तोळ्याचा, हे मला आबाजींनी शिकवलं होतं. जुना तोळा, आताचा दहा ग्रॅमचा नव्हे. ८० रुपयेभार म्हणजे एक शेर. घरात मापं नसली की पारड्यात रुपये टाकून तोलायचे लोक. मग आपल्या रुपयाचा पाव ग्रॅम गेला कुठं? राखेत गेला, चिंचेत गेला. दर दिवाळीला घासून घासून लख्ख करायचा आणि लक्ष्मीपुढं मांडायचा, हे घरात माझ्या आजीपासून चालत आलं.

सोनारानं चांदीचा हिशेब सांगितला. या रुपयात शंभराला जवळपास ९२ भाग शुद्ध चांदी, म्हणजे आपल्यात साडेदहा ग्रॅमला किंचित कमी. मोडीत घट धरून जे होईल ते. चांदी आता फार वर गेली आहे, त्यामुळं आकडा अगदीच लाजिरवाणा नव्हता. पण तू पाठवलेल्या व्हिडिओतला माणूस गाडी दाखवून जे लाख लाख ओरडतो, त्याच्या आसपासही नव्हता. "देऊन टाका, मोडीतच जाईल" असं सोनार म्हणाला तेव्हा मी रुपया उचलून खिशात टाकला.

मग ताईच्या सासरच्या ओळखीनं अमरावतीला एका निवृत्त प्राध्यापकांकडं गेलो. चाळीस वर्षं नाणी जमवतात. घरात पाय ठेवायला जागा नाही, पण नाणी अशी जपलेली की प्रत्येकाला वेगळं पारदर्शक पाकीट. नागपूरकर भोसल्यांचे रुपये दाखवले मला. मजकूर फारसीत, नाव दिल्लीच्या अहमदशाह बादशहाचं. बादशहा मरून गेला तरी इकडं त्याच्याच नावाचा छाप पडत राहिला. मला मजा वाटली. नंतर गुपचूप म्हणालो की आमचा पण पाहा.

मी रुपया चिमटीत धरून पुढं केला, तर सर घाईनं म्हणाले, "कडेनं धरा काका, कडेनं." म्हणजे अंगठा वर नको. घामानं चांदीवर डाग धरतो म्हणे. टेबलावर मऊ कापड टाकलं, हातून सुटला तरी मार लागू नये म्हणून. लोहचुंबक लावून पाहिलं, चिकटला नाही. मी म्हटलं, वाजवून पाहा की. आपल्याकडं खणखणीत की बद्द ते आवाजावरच ठरतं. ते म्हणाले, "वाजवून घ्यायचा सावकारानं. मी वाजवला तर कड ठेचेल." मग भिंग डोळ्याला लावून कडेच्या खाचा गोल फिरवत पाहिल्या. ओतून केलेल्या नकली रुपयाच्या कडेला जोडाची रेघ सापडते, पृष्ठावर बारीक बारीक छिद्रं असतात आणि अक्षरांना धार नसते. आपल्यात तसलं काही नव्हतं. "अस्सल आहे," म्हणाले. माझी छाती अशी फुगली की जसा मीच टांकसाळीत बसून पाडला होता.

मागच्या बाजूला वन रुपी, फारसीत यक रुपिया, इंडिया आणि साल १९११. खाली कमळाच्या फुलाशी बारीक ठिपका असेल तर मुंबईच्या टांकसाळीचा, नसेल तर कलकत्त्याचा. आपल्याला ठिपका दिसत नाही. मुळात नव्हता की आपण घासून काढला, हे सरांनी बराच वेळ भिंग पुढं-मागं करून पाहिलं आणि "कलकत्ता" म्हणाले.

आता साल १९११ का महत्त्वाचं, ते ऐक. व्हिडिओवाला इथं खोटं बोलत नाही, अर्धंच सांगतो. पंचम जॉर्ज १९१० मध्ये गादीवर आला, दिल्ली दरबार १९११ मध्ये झाला, आणि त्याच साली त्याचा नवा रुपया निघाला. राजाच्या अंगावर झगा, झग्यावर मानाची साखळी, आणि साखळीत एक चिमुकला हत्ती. हत्तीची सोंड कोरणाऱ्यानं इतकी आखूड केली की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमानांनी मोठी हरकत घेतली. रुपये ९४ लाखांच्या आसपास पाडले होते, त्यातले सात लाखच बाहेर गेले होते. सरकारनं वाटप थांबवलं, उरलेले वितळवले आणि १९१२ मध्ये सोंड लांब करून नवा ठसा केला. म्हणून १९११ चा रुपया कमी सापडतो. जमवणारे त्याला पिग रुपी म्हणतात.

मी म्हटलं, सर, आमचं डुक्कर दाखवा तरी. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. राजाची दाढी आहे, मुकुट आहे पण त्यातले खडे सपाट, कान आहे पण त्याची पाळी नाही. झग्यावर खाली सरकत गेलो. जिथं हत्ती पाहिजे तिथं नुसतं गुळगुळीत टेकाड. ना सोंड, ना पाय. ज्या एवढ्याशा जनावरापायी लाखो रुपये भट्टीत गेले, ते आपल्या घरच्या बायांनी हळदीकुंकवाच्या अंगठ्यानं पुसून टाकलं. सर हसले, मीही हसलो. तुझ्या आईला घरी येऊन सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, देव्हाऱ्यात डुक्कर कशाला?"

दुसरी गोष्ट कडीची. राजाच्या डोक्यावर, अगदी कडेला, एक काळपट खडबडीत ठिगळ आहे ना, तू लहानपणी नखानं खरवडायचास, ती झाळ आहे, म्हणजे कडी जोडल्याचा डाग. माझ्या आजीच्या हमेलीत, म्हणजे रुपयांच्या माळेत, हा रुपया ओवला होता, त्याची कडी नंतर काढली. जमवणाऱ्याच्या हिशेबी झाळलेला रुपया आणि भोक पाडलेला रुपया एकाच पंगतीत, साल कितीही चांगलं असो. आणि तिसरी गोष्ट तुझी. पृष्ठावर एकाच दिशेनं बारीक बारीक ओरखडे आहेत, रुपया उजेडात तिरका धरला की दिसतात. सरांनी विचारलं, कशानं घासता? मी सांगितलं नाही की आमच्या चिरंजीवांनी पाचवीत असताना टूथपेस्ट आणि जुना ब्रश घेऊन लक्ष्मीला दात घासून दिले होते. सर म्हणाले, मळकट काळा राहू दिला असता तरी जास्त आले असते. चांदीवर वर्षानुवर्षं जी काळसर झाक चढते तिलाच किंमत असते म्हणे. आपल्या घरी ती झाक दिसली की माझी माय म्हणायची, लक्ष्मी काळवंडली.

तू फोनवर तो आकड्यांचा दर्जा म्हणालास, तोही विचारून घेतला. एक ते सत्तर. शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसानं त्यांच्याकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १९४९ मध्ये काढलेली मोजणी, आता जगभर चालते. साठ आणि त्यापुढचा म्हणजे कधीच न वापरलेला. कंपन्या नाणं तपासून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून वर आकडा छापून देतात. आपला झिजेवरून पाहिला तर वीस-पंचवीसच्या घरात बसेल. पण झाळ आणि घासकाम असल्यामुळं आकडा मिळणारच नाही, नुसतं "अस्सल, पण साफ केलेला, कडी लावलेला" असा शेरा मिळेल. त्याची फी, जाण्या-येण्याचा खर्च धरला तर डबी रुपयाला भारी पडेल.

तुला आठवणार नाही, कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी चालू होती तेव्हा मी हंगामात संकलन केंद्रावर काट्यापाशी असायचो. ग्रेडर गाडीत कोपरापर्यंत हात घालून कापूस उपसायचा, चिमटीत धागा ओढायचा. कवडी किती, पत्ती किती, ओल किती, आणि अर्ध्या मिनिटात एफ.ए.क्यू., म्हणजे चांगल्या प्रतीचा, की खालचा ते बोलून पुढच्या गाडीकडं. कास्तकार बैलाची वेसण धरून त्याच्या तोंडाकडं बघत राहायचा. सरांच्या तोंडाकडं मी तसाच बघत होतो. फरक एवढाच की सरांनी कारण सांगितलं, ग्रेडर सांगत नसे.

तर किंमत. चांदीचा जो भाव येईल तो, आणि साल १९११ आहे म्हणून वर हजार, फार झालं दोन हजार. सर स्वतः त्या भावानं घ्यायला तयार होते. चहा पाजला, घाई केली नाही. हाच रुपया कडी न लागता, न घासता, हत्तीसकट राहिला असता तर काही पट जास्त आले असते, आणि कोरा असता तर आणखी कितीतरी. पण कोरा रुपया म्हणजे जो कोणाच्या कामी पडला नाही तो. आपला पडला.

हे एवढं मी लिहिलं ते तू विचारलंस म्हणून. आता सांग, हजार-दोन हजारानं तुझं भागणार आहे का? भागत असेल तर तसं सांग, मी उद्या सरांना फोन करतो. आणि भागणार नसेल तर किती पाहिजेत? विचारणार नाही म्हटलं होतं. राहवत नाही.

तुझ्या त्या दुबईच्या शेठबद्दल. तू म्हणालास, तो रुपयाचे साडेचार लाख देतो, आधी फक्त नोंदणीचे १,५०० भरायचे, मग रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र येतं. मुन्ना, तू इंजिनियर आहेस. जो साडेचार लाख देणार आहे त्याला त्यातूनच १,५०० कापून घ्यायला काय होतं? रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे की जुन्या नाण्यांच्या, नोटांच्या खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही, आम्ही असली कोणतीही फी किंवा कमिशन घेत नाही आणि आमच्या नावानं घ्यायला कोणाला सांगितलेलंही नाही. आणि दुसरं, १९७२ च्या कायद्याप्रमाणं शंभर वर्षांवरची नाणी देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आपला रुपया २०११ मध्येच शंभरीचा झाला. म्हणजे शेठ खरा असला तरी तू गुन्हेगार, खोटा असला तर तू फसलेला.

तुझ्या मावसाजींचं आठव. तांब्याचं नाणं, तांदूळ ओढून घेतं, परदेशातली कंपनी कोटी रुपये देते. दाखवायला आणलेल्या नाण्याकडं तांदूळ सरकले म्हणे, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. तपासणीच्या नावाखाली, केमिकलच्या नावाखाली, साहेबाच्या विमानाच्या तिकिटाच्या नावाखाली पैसे जात राहिले. मावशीचे गोठ गेले, धुऱ्याकडचं वावर गेलं. मावसाजी अडाणी नव्हते, सोसायटीचे सचिव होते. परवा तर आपल्या गावातल्याच एकानं मला १८१८ चं ईस्ट इंडिया कंपनीचं रामदरबाराचं नाणं दाखवलं, कोणालातरी बारा हजार देऊन आला. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही, देवळाबाहेर विकायचे बिल्ले आहेत ते. मी त्याला सांगितलं तर तो माझ्यावरच चिडला. फसलेल्या माणसाला फसवणाऱ्यापेक्षा सांगणाऱ्याचा राग जास्त येतो. तू परवा माझ्यावर का चिडलास, ते मला तेव्हा कळलं. १,५०० भरले का? भरले असतील तर गेले समज, दुसऱ्यांदा भरू नको. ते दुसऱ्यांदा मागतातच.

आणि मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देतात ते. तारण मागत नाहीत, जामीन मागत नाहीत, फक्त फोनमधले सगळे नंबर मागतात. मग सात दिवसांत दुप्पट करून त्याच नंबरांवर शिव्या पाठवतात. सावकार निदान ओसरीवर येऊन बसायचा, त्याचं तोंड दिसायचं. माणसानं आपल्या पगारात राहावं, हप्त्यावर फोन, हप्त्यावर गाडी, हप्त्यावर सहल, मग हप्ता भरायला हप्ता... झालं, लागलो भाषण द्यायला. तुझी आई म्हणते तसं, मला समोर माणूस दिसला की माईक दिसतो. माफ कर. तू पहिल्या पगारात तिला मिक्सर आणलास आणि स्वतःसाठी काही घेतलं नाहीस, हे मी गावात सगळ्यांना सांगून झालोय. बँकेत गेलो की मॅनेजरसाहेब विचारतात, पुण्याचा मुलगा काय म्हणतो? मी म्हणतो, मजेत आहे. मजेतच आहेस ना?

या दिवाळीला तू आला नाहीस, सुट्टी नाही म्हणालास, मान्य. पण ताईला भाऊबीजेचे पाठवलेले दोन हजार चौथ्या दिवशी "जरा अडचण आहे, पाठव" म्हणून परत मागितलेस. ताईनं सांगितलं नाही, जावईबापूंच्या तोंडून निसटलं. तिच्यावर रागावू नको. तुझ्या खोलीच्या फोटोत गाडीची किल्ली अडकवायचा खिळा मोकळा दिसतो, हे तुझ्या आईनं पाहिलं, मी नाही. मी एवढं बारीक पाहत नाही.

रुपयाचं बाकीचं तुला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या आजीच्या लग्नात हमेल घातली ती २१ रुपयांची. त्यात राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरियाचे जास्त, एडवर्डचे थोडे, जॉर्जचा हा. शकुंतला रेल्वेगाडी आपल्या बनोसा स्टेशनावरून कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला न्यायची तो काळ, कापसाला भाव होता म्हणे, म्हणून तर २१. मग भाव पडला आणि हमेल एकेक रुपयानं आखूड होत गेली. बियाण्याला एक, बाळंतपणाला दोन, सावकाराच्या व्याजाला चार. दुसऱ्या लढाईत सरकारनं जुने चांदीचे रुपये चलनातून काढून घेतले, १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच घातली, तेव्हा आबाजींनी आणखी काही मोडले. मायच्या हाती आले तेव्हा हमेल कसली, दोऱ्यात दोन रुपये होते. बहात्तरच्या दुष्काळात त्यातला एक ज्वारीसाठी गेला. मी लहान होतो पण मिलो ज्वारीची भाकर आठवते, लाल, घशात अडकणारी. दुसरा रुपया मागायला सावकाराचा माणूस आला, त्याला माहीत होतं घरात एक आहे म्हणून. माय देव्हाऱ्यापुढं आडवी झाली. "हा देवाचा हाये. याले हात लावू नका. बाकी काई बी न्या." त्यानं बकरी नेली. मग मायनं सोनाराकडून कडी काढून घेतली, म्हणजे हा दागिना राहिला नाही, गहाण जाणार नाही, देवच झाला. झाळीचा डाग तिथला आहे.

तुझ्या इंजिनियरिंगच्या फीच्या वेळी मी हा रुपया काढला होता, तुला ठाऊक नाही. तुझ्या आईनं हातातून घेतला. म्हणाली, याचे येऊन येऊन किती येणार, त्यापेक्षा गोऱ्हे विकू. ते विकले. तू तेव्हा विचारलंस की गोऱ्हे कुठं गेले, मी म्हटलं मोठ्या बाबांकडं नांगरणीला दिले. आता सांगतो तर रागावू नको. बैलं पुन्हा होतात.

पौषात ऋणमोचनच्या यात्रेला आपण बैलगाडीनं जायचो, तू पूर्णेच्या पाण्यात भाकरीचे तुकडे टाकायचास. आबाजींनी त्याच घाटावर गाडगेबाबांना झाडताना पाहिलं होतं, कीर्तनही ऐकलं होतं. कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून लग्न करू नका, बाबा हेच ओरडून सांगायचे. आबाजी ऐकून यायचे आणि दुसऱ्या दिवशी सावकाराकडं जायचे, कारण पेरणी थांबत नसते. म्हणजे कर्ज काढणारा वाईट असतो असं मी म्हणत नाही. मी स्वतः काढलं आहे, सोसायटीचं अजून आहे. मी म्हणतो ते वेगळंच.

पलीकडच्या गावातल्या त्या पोराचं तुला कळलं असेल. तुझ्याच वयाचा, नागपूरला कामाला होता. मी गेलो होतो तिकडं. नंतर सगळा हिशेब निघाला तर एवढा होता की बापानं एक एकर मोडलं असतं तरी फिटला असता. बाप माझा हात धरून एकच म्हणत होता, "सांगितलंच नाही हो त्यानं. सांगितलंच नाही." मी परत येताना गाडी फाट्यावर थांबवून तुला फोन लावला होता, तू म्हणालास, मीटिंगमध्ये आहे, काय काम? मी म्हटलं, काही नाही, असाच.

काही नाही असं नव्हतं.

आता कामाचं. पहिल्या वेच्याचा कापूस निघाला आहे, ओल जास्त म्हणून भाव कापला, पण चुकारा खात्यात जमा झाला. सोयाबीन पावसानं काळी पडली, तरी जे झाले ते हातात आहेत. दोन्ही मिळून रब्बीच्या हरभऱ्याला आणि सोसायटीला लागतील एवढे ठेवून बाकीचे तुला पाठवता येतात. हरभरा नाही पेरला तरी आकाश कोसळत नाही, आपल्या खारपाणपट्ट्यात, खाऱ्या पाण्याच्या जमिनीत, तसाही बेभरवशाचाच. लाज वाटायचं कारण नाही, बापाकडून घेतले ते कर्जात धरत नाहीत.

रुपयाचं तू म्हणशील तसं. विकायचा असेल तर सरांनाच देऊ, त्यांनी खरं सांगितलं. ठेवायचा असेल तर सरांनी एक पारदर्शक पाकीट दिलं आहे, त्यात घातला आहे. यंदापासून घासायचा नाही असं आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली, पण तिच्या मनात काय आहे ते पुढच्या दिवाळीतच कळेल.

तुला बोलायला जमत नसेल तर आकडा नुसता लिहून पाठव. कारण लिहू नको, खुलासा नको, फक्त आकडा. रात्री पाठवलास तरी चालेल, मी जागाच असतो हल्ली. आणि पैसे कोणत्या खात्यात टाकायचे, कॉलेजातलं जुनं अजून चालू आहे की कंपनीनं काढून दिलेलं, ते कळव. जुन्या खात्याचं पासबुक आईच्या पेटीत आहे, नंबर माझ्याकडं आहे. बुधवारी बँकेत जाणार आहे, त्याआधी कळवलंस तर त्याच फेरीत होईल.

तुझा,
बाबा

ता.क. आई म्हणते, जेवला का ते विचार. तिनं शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचे पापड काढून ठेवले आहेत, ताईचे दीर शुक्रवारी पुण्याला येणार आहेत त्यांच्याबरोबर पाठवतो. ते तुझ्या खोलीवर येतील, तेव्हा घरी राहा.